जावई सीट आणि घाटातली वळणं

अमरावतीला बडनेरा रोडवर नत्थुजी काळमेघ यांचं सीटचं दुकान आहे. सीट म्हणजे मोटरसायकलची, निवडणुकीची नव्हे, असं ते नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात आणि गिऱ्हाईक हसायच्या आत स्वतःच हसून घेतात. वय साठीला टेकलेलं, पोट वयाच्या दोन पावलं पुढे, कानामागे खडू. आत शिलाई मशीनवर त्यांच्या पत्नी मैनाबाई रेक्झिनची कव्हरं शिवत असतात. फोम कापायचा नत्थुजींनी, शिवायचं मैनाबाईंनी आणि बोलायचं पुन्हा नत्थुजींनी, अशी तीस वर्षांची वाटणी आहे.

माप घ्यायची त्यांची रीत साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. दुकानाच्या मधोमध सरकीचं एक अर्धवट भरलेलं पोतं पडलेलं असतं. इतरांकडे ही सरकी म्हशी खातात. नत्थुजींकडे तिच्यावर गिऱ्हाईक बसतं. चहा सांगायचा, गिऱ्हाइकाला पोत्यावर बसवायचं आणि चहा संपेपर्यंत हलू द्यायचं नाही. मग त्याला उठवून नत्थुजी गुडघे टेकतात आणि पोत्यात पडलेल्या खळग्यावरून हात फिरवतात. हाडं कुठे टेकली, कुठली बाजू खोल गेली, हा माणूस मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून तिरका बसतो की काय, सगळं त्यांना तिथेच कळतं. "चेहरा लबाडी करते, सरकी नाही करत," असं ते म्हणतात. एकदा एका कचेरीतल्या साहेबांना त्यांनी खळगा बघून चारचौघांत मूळव्याधीचं औषध सुचवलं होतं. साहेब तणतणत निघून गेले आणि आठ दिवसांनी वैद्याचा पत्ता विचारायला परत आले.

या पोत्यावरूनच त्यांची प्रसिद्ध 'जावई सीट' जन्माला आली. रुंद, फुगीर, मऊ फोमचे दोन थर आणि वरून गुळगुळीत, चकचकीत रेक्झिन. नवा जावई पहिल्यांदा घरी आला की त्याच्यासाठी गादीवर गादी टाकतात, तसा गिऱ्हाइकाचा थाट. बसला की माणूस चार बोटं खाली जायचा आणि "वा" म्हणायचा. हा "वा" ऐकायला नत्थुजी दुकान उघडत, असं म्हटलं तरी चालेल.

शिवाय आपल्या वऱ्हाडातले रस्तेही या सीटला साजेसे. अमरावतीहून अकोल्याला निघा नाहीतर तिवशाकडे, रस्ता नाकासमोर. दोन्ही अंगांना तूर आणि कपाशी, मध्ये डांबर, आणि हँडल धरून बसलात की गाव आपसूक येतं. अशा रस्त्यावर जावई सीटला नावं ठेवायला जागाच नव्हती. अकोल्याची माणसं ट्रॅव्हल्सच्या टपावर सीट बांधून पाठवत आणि नत्थुजी ती फुगवून परत पाठवत.

आता ती गोष्ट, जी नत्थुजींनी तीस वर्षं दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. त्यांना मोटरसायकल चालवता येत नव्हती.

एकदा प्रयत्न झाला होता. विशी-बाविशीत असताना भातकुलीला चुलतभावाचं लग्न लागलं आणि त्याला आंदणात मोटरसायकल मिळाली. वरातीआधी नत्थुजी कुणाला न विचारता तिच्यावर चढले. सरळ रस्ता होता तोवर ते उत्तम चालवत होते. त्या वेळी गावात धड एकच वळण होतं, मारुतीच्या देवळापाशी, आणि नत्थुजी तेवढं सोडून सरळ गेले. पुढे कडब्याची गंजी होती. गंजीतून त्यांना पाय धरून ओढून काढलं तेव्हा बघ्यांत तिवशाहून पाहुणी आलेली एक मुलगी पदर तोंडात धरून हसत होती. पुढे दोन वर्षांनी तिच्याशीच त्यांचं लग्न झालं, म्हणून ही गोष्ट मैनाबाईंना सांगायची कधी गरजच पडली नाही.

त्यानंतर नत्थुजी गाडीला हात लावत, पण दुरुस्तीपुरता. मात्र सीट करणाऱ्याला गाडी येत नाही हे गिऱ्हाइकाला कसं सांगावं? हलवायाला साखरेची शिसारी असल्यासारखंच ते. मग त्यांनी वाट काढली. मैनाबाईंची स्कूटी होती. मैनाबाई चालवत, नत्थुजी मागे बसत, आणि दुकान दोनशे पावलांवर आलं की रसवंतीच्या आडोशाला उतरून घेत. तिथून पुढे ते हातात हेल्मेट घेऊन चालत येत. भलंमोठं काळं हेल्मेट, काचेवर दोन ओरखडे. ते ओरखडे त्यांनी स्वतः खिळ्यानं काढले होते. गाडी कुठे लावली असं कुणी विचारलंच तर "तिकडं सावलीत" म्हणून मोकळे.

बाकीचं काम जिभेनं केलं. गिऱ्हाईक लद्दाखला जाऊन आलं की नत्थुजी त्याला दुसरा चहा पाजत आणि सगळं काढून घेत. पुढच्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "खारदुंगल्याले बोटं अशी गारठतात, का ब्रेक दाबला का नाही तेच समजत नाही." ऐकणारा माना डोलवायचा. मी गेलो होतो असं ते एकदाही म्हणाले नव्हते. कुणी तसं समजून घेतलं तर समजून घेणाऱ्याची चूक.

गेल्या दिवाळीनंतर आकांक्षा तायडे दुकानात आली आणि सगळं बिघडलं.

आकांक्षा मूळची अकोल्याची. पशुधन पर्यवेक्षक म्हणून तिची नेमणूक चिखलदऱ्याच्या बाजूला झाली होती. राहायची परतवाड्यात. रोज सकाळी मोटरसायकलला लसींचा डबा बांधून घाट चढायचा, गवळ्यांच्या म्हशींना टोचायचं आणि संध्याकाळी घाट उतरायचा, असा तिचा दिवस. सप्टेंबरात तिनं नत्थुजींकडून जावई सीट करून घेतली होती. सरकीवर बसून, चहा पिऊन, "वा" म्हणून गेली होती. आता ती लंगडत आली. तिनं गाडी लावली, किल्लीनं सीट उघडून काढली आणि आत आणून टेबलावर ठेवली.

"काकाजी, ही सीट सरळ रस्त्यावर सोनं हाय," ती म्हणाली. "घाटात मात्र इनं मले पाडलं."

दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती. शिवाय शेजारचा पंक्चरवाला देवीदास, जो रोज अकरा वाजता पेपर वाचायच्या निमित्तानं येतो आणि पेपर न उघडता दीड वाजता जातो, तोही होता. आकांक्षानं सगळ्यांसमोर सांगितलं. सीट इतकी मऊ की आपण फोममध्ये रुतून बसतो, खाली गाडी काय करते आहे ते कळतच नाही. पुढून इतकी रुंद की गुडघे टाकीला लागत नाहीत, वळणावर गाडी मांड्यांत धरायची तर धरणार कशानं? उतरताना ब्रेक मारला की गुळगुळीत रेक्झिनवरून माणूस घसरत टाकीवर जातो. मंगळवारी वळणावर समोरून बस आली, तिनं गाडी थांबवली, पाय खाली टाकला आणि पाय जमिनीला पोचलाच नाही. गाडी, ती आणि लसींचा डबा, तिघंही नालीत.

नत्थुजींच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर गुडघ्याची चौकशी केली असती. पण दोन गिऱ्हाइकं बघत होती आणि माणसाची जीभ अशा वेळी नको तिथे चालते.

"सीटचा दोष नाही ताई," ते म्हणाले. "तुमची वळन घ्यायची पद्धत चुकली. तुमाले घाटात चालवता येत नाही."

आकांक्षानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "रोज चालवतो मी," ती म्हणाली. "पन ठीक हाय. तुमी घेऊन दाखवा वळन, ह्याच सीटवर. रविवारी या परतवाड्याले. तुमाले जमलं त मी पुन्हा कधी बोलनार नाही."

"येतीन ना," देवीदास मध्येच बोलला. "लद्दाख केलेला मानूस हाय तो. त्याले आपला घाट म्हंजे काय?" आणि पेपर खाली ठेवून तो ही बातमी रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचवायला निघालादेखील.

घरी मैनाबाई आधी पोट धरून हसल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "सांगून टाका ना खरं. पोरगी पडली हाय."

"सांगतो," नत्थुजी म्हणाले, आणि पुढचे चार दिवस सांगायचं कसं टळेल याच्या विचारात घालवले. आधी गुडघा दुखतो म्हणून बघितलं. मैनाबाईंनी त्यावर एवढं झणझणीत तेल चोळलं की तो खरंच दुखायला लागला. मग सुतक येण्याजोगं कोण आहे याची त्यांनी मनातल्या मनात उजळणी केली. भाऊबंदांत तीन म्हातारी माणसं होती, पण चौकशी केल्यावर तिघांचीही तब्येत उत्तम निघाली. शुक्रवारी सकाळी शेवटचा उपाय म्हणून मैनाबाईंनी त्यांना मैदानावर स्कूटीवर बसवलं. सरळ जाऊन वळून या, एवढंच सांगितलं होतं. नत्थुजी सरळ गेले, उतरले, गाडी हातानं फिरवली, पुन्हा बसले आणि सरळ आले.

"वळन कुठी गेलं?" मैनाबाईंनी विचारलं.

"ते पायी झालं," नत्थुजी म्हणाले.

शनिवारी मात्र त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती इतकी आवडली की त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. रविवारी ते एसटीनं परतवाड्याला गेले, खांद्याला अवजारांची पिशवी, हातात हेल्मेट. गुडघ्यामुळे गाडी आणली नाही म्हणाले. आकांक्षा सीट बसवून, गाडी पुसून तयारच होती.

"मी चालवली त मी कसा वळतो ते समजन," नत्थुजी गंभीरपणे म्हणाले. "तुमी कश्या वळता ते कसं समजन? तुमी चालवा, मी मागं बसतो. म्हंजे चूक कोनाची ते बरोब्बर सापडन."

आकांक्षाला यात खोट दिसली नाही. ती हो म्हणाली. परतवाडा सुटेपर्यंत नत्थुजींची छाती दोन इंच फुगलेली होती. मागची बाजूही जावई सीटचीच, तेव्हा बसायलाही झकास. त्यांनी एकदा स्वतःशीच "वा" म्हणून घेतलं.

मग चढ लागला आणि पहिलं वळण आलं.

गाडी डावीकडे कलली. नत्थुजींनी जन्मात पहिल्यांदा जमीन बाजूनं वर येताना पाहिली आणि जिवाच्या आकांतानं उजवीकडे झुकले. गाडी वळायची ती रस्त्याच्या मध्यावर गेली. आकांक्षानं सावरली. दुसरं वळण उजवीकडचं, नत्थुजी डावीकडे. तिसऱ्या वळणाला ते गुळगुळीत रेक्झिनवरून असे सरकले की निम्मे सीटवर आणि निम्मे हवेत. धरायला फक्त मागची कडी, आणि ती धरावी तर हेल्मेट पुढे झुकून आकांक्षाच्या हेल्मेटवर ठण्णकन आपटायचं. वरून खाली येणाऱ्या एका जीपमधली माणसं काच खाली करून बघत गेली.

"काकाजी, तुमी उलटीकडं काहून झुकता?" आकांक्षा ओरडून विचारत होती.

"गाडी पडू नये म्हनून."

"गाडी झुकलीच पाह्यजे ना. तुमी उलटं झुकले त ती वळतच नाही, खोऱ्याकडं जाते."

नत्थुजींनी खोऱ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या दोन वळणांना त्यांनी कुणा-कुणाला नवस बोलले त्याची यादी मोठी आहे. पण मग एक छोटा उतार आला. आकांक्षानं ब्रेक मारला आणि नत्थुजी, त्यांचं पोट आणि पिशवी अशी सगळी वरात घसरत तिच्या पाठीवर जाऊन आदळली. ती पुढे टाकीवर गेली. दोन्ही हातांवर दोघांचा भार घेऊन तिनं गाडी कशीबशी कडेच्या चहाच्या टपरीपाशी उभी केली. उतरून ती दोन्ही मनगटं चोळत राहिली. नत्थुजींना ते दिसलं आणि ते स्वतःची भीती विसरले.

"तुमाले गाडी येत नाही काय?" आकांक्षानं हेल्मेट काढून विचारलं.

बहाणे त्यांच्याकडे अजून तीन-चार शिल्लक होते. ते तसेच राहू देऊन त्यांनीही हेल्मेट काढलं.

"नाही येत," ते म्हणाले.

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. "मंग मले चालवता येत नाही, असं तुमी कशाच्या भरवशावर म्हतलं?"

नत्थुजींना फार लाज वाटली. भातकुलीत पाय धरून गंजीतून काढलं होतं तेव्हाही एवढी वाटली नव्हती. तेव्हा पडले होते ते स्वतः. इथे त्यांनी दुसऱ्याच्या लेकीला पाडलं होतं, आणि वर तिलाच बोल लावला होता.

ते टपरीच्या बाकावर बसून राहिले. आकांक्षानं दोन चहा सांगितले. चहा पिता पिता नत्थुजी तिच्या गाडीकडे बघत होते. गाडी उतारावर, बाजूच्या स्टँडवर कलून उभी होती आणि तिच्यावरची ती रुंद चकचकीत सीटही कललेली. तीस वर्षांत त्यांनी सीट नेहमी दुकानाच्या फरशीवर आडवी, सपाट बघितली होती. आज पहिल्यांदा तिरपी बघत होते. त्यांचं सरकीचं पोतं खोटं बोलत नव्हतं, पण पोतं कधी वळतही नव्हतं. दहा मिनिटं सरळ बसलेल्या माणसाचं माप त्यात येत होतं, आणि त्या मापावर ते लोकांना घाटात पाठवत होते.

"बेटा, गाडी धर," ते उठून म्हणाले. "मी पुढं बसतो. चालवत नाही, नुसता बसतो."

आकांक्षानं हँडल धरलं, नत्थुजी पुढे बसले. "आता कलती कर. आनखी." गाडी कलली तसे ते फोमवर एका बाजूला गोळा झाले. गुडघ्यांनी टाकी शोधून पाहिली, सापडली नाही. पाय खाली टाकला तर त्यांचाही जेमतेम चवडा टेकला, आणि आकांक्षा त्यांच्याहून वीतभर बुटकी. नत्थुजी उतरले, सीट काढली, बाकावर उलटी ठेवली आणि पिशवीतून पकड काढून स्टेपलच्या पिना उपटायला लागले.

पुढचा तासभर टपरीवाल्याचा धंदा बंद झाला, कारण तोही बघत उभा राहिला. नत्थुजींनी कव्हर उतरवलं आणि मऊ फोमचा वरचा थर सुरीनं एका झटक्यात काढून फेकला. पुढच्या दोन्ही कडा मांड्या जवळ येतील अशा तासल्या. कडक फोम जवळ नव्हता, म्हणून टपरीवाल्याकडून एक रिकामं तरटाचं पोतं मागून घेतलं, त्याच्या घट्ट घड्या घालून उरलेल्या फोमवर बसवलं. राहिलं रेक्झिन. ते तर तेलासारखं गुळगुळीत. नत्थुजींनी थोडा वेळ ते हातात धरलं, आणि मग उलटं केलं. कापडाची खरबरीत बाजू वर, चमक आत. मैनाबाईंच्या सगळ्या शिलाया बाहेर उघड्या पडल्या.

"हे घरी दिसलं त मले दोन दिवस जेवाले नाही भेटनार," ते म्हणाले आणि पिना ठोकल्या.

दिसायला ती सीट भयंकर झाली. टपरीवाला म्हणाला, हिच्यापेक्षा माझा बाक बरा. आकांक्षा बसली. तोंडातून "वा" काही आलं नाही. "कडक हाय," ती म्हणाली. मग तिनं पाय खाली सोडले आणि दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. तिनं खाली बघितलं, पुन्हा उचलून पुन्हा टेकवली.

ती एकटीच वरची चार वळणं घेऊन यायला निघाली. नत्थुजी रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाडी दिसेनाशी झाली, पण आवाज येत होता. जाताना वळणावर तो कुठे तुटला नाही. परत येताना ती वरच्या वळणावर दिसली: गुडघे टाकीला घट्ट, कंबर जागच्या जागी, गाडी कलली तशी तीही कलली आणि गाडी उठली तशी उठली. नत्थुजींना माणूस आणि गाडी असं वेगळं काही दिसलंच नाही. आपण आयुष्यभर ज्याच्यासाठी सीटा केल्या ते काम हे असं असतं, हे त्यांना साठाव्या वर्षी एका टपरीपाशी उभं राहून कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी घाटाच्या वाऱ्यावर ढकललं.

"घंटाभर बसलं त हाडं दुखतीन थोडी," आकांक्षा गाडी थांबवून म्हणाली. "पन गाडी हातात हाय आता. खाली चाक कुठी हाय ते समजते."

"दुखनार नाही. कडक फोम टाकून देतो, त्याच्यावर बोटभर मऊ," नत्थुजी म्हणाले. "पयले पाच मिनिटं गुदगुल्या करनारी सीट पाच घंट्याले मारते, हे समजलं मले. अमरावतीले चाल. आजच करून देतो." उतरताना ते मागे बसले आणि ती जिकडे झुकेल तिकडे झुकले. डोळे मात्र मिटलेलेच ठेवले.

दुपारी चारला गाडी बडनेरा रोडवर आली तेव्हा दुकानासमोर देवीदास आणि रस्त्यावरचे पाच-सहा दुकानदार खुर्च्या टाकून बसले होते. मैनाबाई दारात होत्या. आकांक्षानं ब्रेक मारला. नत्थुजी मागून उतरले.

"काय नत्थुजी, मागं काहून बसले?" देवीदासनं तोंड गोड करून विचारलं. "घाट कोनं चालवला?"

आकांक्षा नत्थुजींकडे बघून म्हणाली, "काकाजींनी सारी वळनं अंगावर घेतली." तिनं त्यांना वाट काढून दिली होती. खोटंही नव्हतं ते. नत्थुजींनी तिच्याकडे बघितलं आणि मग ते दुकानदारांकडे वळले.

"मले मोटरसायकल येत नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हती."

अख्खी रांग हसायला लागली. देवीदास तर खुर्चीतून घसरला. "अहो, हे आमाले वीस वर्षांपासून माईत हाय," तो म्हणाला. "रसवंतीवाला रोज पाह्यते तुमाले उतरताना. लद्दाख आयकाले मजा यायची म्हनून कोनी बोल्लं नाही. ह्या रविवारी तुमी काय करता, ते पाहाले बसलो होतो आमी."

हसू चालूच होतं. मैनाबाईही हसत होत्या. नत्थुजींनाही हसू आलं. इतकी वर्षं जपलेलं गुपित साऱ्या रस्त्यानं आपल्या बरोबरीनं जपलं होतं.

आकांक्षा हसली नाही. ती अजून गाडीवरच बसलेली होती. "तुमाले माईत होतं," ती देवीदासला म्हणाली. "म्या ही सीट बनवाले टाकली त्या दिवशी बी तुमी इथीच बसून होते. म्या घाटाचं नाव घेतलं होतं. मंग मले काहून नाही सांगितलं?"

हसणं एकेक करून थांबलं. कुणी आपल्या दुकानाकडे बघायला लागलं, कुणी चपलेकडे. देवीदासनं खिशातला फोन काढून हातात धरला. मग तो हळूच म्हणाला, "माह्या करिश्माच्या गाडीले बी जावई सीटच हाय."

करिश्मा त्याची मुलगी. जूनपासून सेमाडोहकडच्या एका शाळेवर शिक्षिका म्हणून लागली होती आणि परतवाड्याहून रोज घाटानं जायची. पोरीला त्रास नको म्हणून ही सीट देवीदासनंच हौसेनं बसवून दिली होती.

"मांगच्या हप्त्यात तिचा फोन आला होता," देवीदास म्हणाला. "म्हने, बाबा, गाडी वळनावर आयकत नाही. म्या म्हतलं, तुलेच चालवता येत नाही."

"लाव तिले फोन," नत्थुजी म्हणाले.

देवीदासनं फोन लावून सीटचं विचारलं. तो बराच वेळ ऐकत राहिला, मधे मधे हं हं करत. मग फोन छातीशी धरून त्यानं नत्थुजींकडे बघितलं. "ती म्हनते, सीट मस्त हाय बाबा. मलेच वळन जमत नाही. दोनदा पडली, पन तुमाले सांगितलं नाही. म्हने, शिकन मी हळूहळू."

नत्थुजींनी हात पुढे करून त्याच्याकडून फोन घेतला.

"करिश्मा, मी नत्थुजी काका बोलतो," ते म्हणाले. "उद्या एसटीनं जाजो, गाडी काढू नको. तुले चालवता येते, बेटा. सीट खराब हाय. म्या बनवली हाय ती."